वळसा

बेकरीसमोर रस्ता खचला
तेव्हा नगरपालिकेनं मला पाठवलं.
सोबत लेझर, हेल्मेट, सात पानी फॉर्म
आणि उस्ताद बमानअली, वय एक्याऐंशी,
ज्यांना यझ्द शहरात जमिनीच्या वर
फारसं कुणी ओळखत नाही.

ते पांढऱ्या कपड्यांत आले.
"अंधारात दिसावं म्हणून?" मी विचारलं.
"हो. आणि नाहीच दिसलो,
तर वेगळं कापड आणायला नको."

तळघरात, लोणच्याच्या बरण्यांमागे, दार.
त्यांनी चपला काढल्या,
भिंतीला टेकून विचारलं : येऊ?
आणि थांबले. बराच वेळ.
मी घड्याळ पाहिलं.
"काही दिवस ती नको म्हणते.
मग आम्ही घरी जाऊन कलिंगड खायचो."

त्रेपन्न पायऱ्या.
वर चव्वेचाळीस अंशांचं ऊन,
इथे माठाच्या पोटातला गारवा,
आणि घराघरांखालून गेलेला कनात,
डोंगरातलं पाणी बोटभर उताराने
डाळिंबांच्या बागांपर्यंत
चालवत नेणारा बोगदा.
किती शतकं, त्याचा रकाना फॉर्ममध्ये होता.
आता कोरडा ठाक.

एक खोली लागली. मधोमध कट्टा.
इथे पाणी मोजणारा बसायचा,
बुडाला भोक असलेलं तांब्याचं घटिकापात्र घेऊन.
ते बुडालं की ओरडायचा
आणि वर कुणाचं तरी शेत मिटायचं,
कुणाचं उघडायचं.
मी लेझर धरला : तीन मीटर चार.
उस्तादांनी कट्ट्यावरून हात फिरवला
आणि तळव्याला लागलेली धूळ
झटकली नाही.

पुढे रांगत.
भिंतीभर कुदळीचे घाव,
सगळे एकाच बाजूला कललेले.
"डावखुरे होते वडील. ही त्यांची सही.
मागे दोन दिवे ठेवायचे ते.
वळून पाहिलं आणि दोन्ही मिळून
एकच दिसला, म्हणजे बोगदा सरळ."
बासष्ट मीटर सरळ होता.
दोन बोटांचा फरक, लेझरनंही कबूल केलं.

आणि मग अचानक डावीकडे.
अकरा हातांचा वळसा,
परत जुन्या रेषेवर.
खडक नव्हता. विहीर नव्हती.
मी स्क्रीन बाहीला पुसून पुन्हा मोजलं.
सहाव्या पानावर विचारलं होतं :
विचलनाचं कारण.

उस्ताद खाली बसले.
"आत रजबअली आहे.
माझा मोठा भाऊ. मी पाहिलेला नाही.
माती आली तेव्हा हा पुढे होता,
वडील वर रहाटावर.
दोरी हलकी लागली, म्हणायचे,
एवढंच. दोरी हलकी लागली."

"काढलं नाही?"

"खाली चाळीस घरं पाण्याची वाट बघत होती.
आणि कपडे तर पांढरेच होते."

मी बॅटरी वळशाच्या भिंतीवर धरली.
इथले घाव लहान होते, उथळ, दाटीवाटीचे,
कुणाची झोप मोडू नये अशा बेतानं घातलेले.
अकरा हातांना किती महिने लागले असतील,
मी विचारलं नाही.

"पुढच्या साली मी झालो," उस्ताद म्हणाले.
"आधी दोघी बहिणी गोवराने गेल्या, मग हा.
आईनं माझं नाव ठेवलं बमान.
म्हणजे, राहा."
मग गुडघ्यावर हात देऊन उठले :
"चला, हवा जड होतेय."

रकान्यात मी लिहिलं : स्थानिक कारण.

गुरुवारी काँक्रीटच्या गाड्या आल्या.
माझ्या हिशेबानं एकोणीस घनमीटर.
बावीस लागलं.
सुपरवायझर सगळ्यांसमोर खेकसला,
मी ऐकून घेतलं.
उस्ताद कडेला उभे होते, करड्या कोटात,
हातात बेकरीतली गरम रोटी, न खाल्लेली.
शेवटचा पाइप ओढून घ्यायच्या आधी
ते भोकाशी ओणवे झाले
आणि हळू म्हणाले :
"बमान."

ऑपरेटरला वाटलं, नाव सांगतायत.
त्यानं वहीत लिहून घेतलं.